माळकऱ्यांचं मटण

उंब्रजच्या कुतुबुद्दीन मुलाण्याला गोड बोलता येत नाही आणि तिखट कमी घालता येत नाही. या दोन खोडींसकट साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या लग्नघरांनी आणि जत्रांनी त्याला पदरात घेतलेलं आहे. बाप बकरी कापायचा, हा शिजवतो. साठी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, पण चुलवणापुढं उभा राहिला की अजून गडी पंचविशीतला दिसतो. पातेल्याची वाफ नाकाशी घेऊन मीठ कमी की जास्त ते सांगतो. "मीठ नाकाला कसं कळंल?" असं कुणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या नाकाला कळत नसंल."

असल्या फटकळ माणसाला दोस्त एकच, पण जिवाचा. आप्पासो हा आटपाडी भागातल्या एका वाडीचा मेंढका. पूर्वी दिवाळी झाली की त्या दुष्काळी पट्ट्यातले कळप कृष्णाकाठाला उतरायचे आणि खतासाठी उंब्रजच्या शेतांतून मेंढ्या बसवल्या जायच्या. कुतुबुद्दीनचा बाप बकरी बघायला त्यांच्या पालांवर जायचा, आणि हा त्याच्या मागं मागं. तिथं ही जोडी जमली ती आजतागायत. एकानं बकरं वाढवायचं आणि दुसऱ्यानं शिजवायचं, असं दोघांचं आयुष्य एकमेकांच्या आधारानं गेलं. आप्पासोसारखा खाणारा कुतुबुद्दीननं दुसरा पाहिला नाही. बोटी तोंडात गेली की बकरं कुठल्या रानात चरलेलं ते तो डोळे मिटून सांगायचा. त्यातलं निम्मं खोटं असायचं, पण शिजवणाऱ्याचं पोट ते ऐकूनच भरायचं.

मग चार वर्षांमागं आप्पासोच्या मुलाचा, बिरदेवचा, टेम्पो घाटात उलटला. साताऱ्याच्या एमआयडीसीतून माल भरून निघाला होता. पोरगं बेशुद्ध. दवाखान्याच्या पायरीवर बसून आप्पासोनं देवाला शब्द दिला, की पोरगं उठलं तर गळ्यात माळ घालीन आणि मरेपर्यंत वशाट तोंडाला लावणार नाही. वशाट म्हणजे मटण, मासं, अंडं, सगळंच आलं. पोरगं उठलं. चालायला लागलं, पुन्हा टेम्पोवर बसलं. बापानं तुळशीची माळ घातली. शब्द पोराच्या जिवावर दिलेला, तो मोडला तर पोराचा जीव परत मागितला जाईल, असं आप्पासोच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

माळेला कुतुबुद्दीनचा काही आक्षेप नव्हता. स्वतः तो पाची वेळचा नमाजी, दुसऱ्याच्या शब्दाची किंमत त्याला कळत होती. पण वशाट सोडून हा माणूस खातो काय, हे बघून त्याचा जीव कळवळायचा. भाकरी आणि खर्डा, संपलं जेवण. डाळीनं पोट फुगतं. सोयाबीनच्या वड्यांना ओल्या पोत्याचा वास येतो. पनीर म्हणजे खडू. दूध चहापुरतं. आप्पासोची बायको हरणाबाई नवऱ्यापुढं वाट्या ठेवून ठेवून थकली. "आवं, पोराचा जीव वाचीवला, आता सोताचा घालीवताय व्हय?" असं ती रोज विचारायची, आणि तो रोज भाकरी कुस्करत राहायचा.

दोन वर्षांत त्याचे दंड वाळले. पाय सुजले, अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. बिरदेवनं बापाला साताऱ्याला डॉक्टरकडं नेलं. मूत्रपिंड तपासलं, काळीज तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. रक्तात प्रथिनं फार कमी होती. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमच्या ताटातच खोट आहे. अंडी चालतील का?" आप्पासोनं माळेला हात लावला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि डाळी खा म्हणून सांगितलं. आप्पासोनं गोळ्या तेवढ्या खाल्ल्या.

त्याच उन्हाळ्यात कुतुबुद्दीनची मुलगी अर्शिया सुट्टीला घरी आली. ती सांगलीला विश्रामबागच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकते. घरात आईनं कुरडयांचा घाट घातलेला होता. भिजवलेला गहू वाटून, पाण्यात कोळून, चीक काढून झालेला, आणि खाली राहिलेला चिकट, ओढला तर ताणत जाणारा चोथा शेळीपुढं टाकलेला. शेळी मान हलवत तो चघळत होती. अर्शिया बघत उभी राहिली आणि हसायला लागली.

"अब्बा, गव्हातली सगळी ताकद शेळीच खातीय की."

"आन आमी काय खातोय मग?"

"आपण कुरडई खातो. म्हणजे नुसतं पिष्ट. आप्पाचाचांना जे पाहिजे ते त्या शेळीच्या तोंडात आहे."

आप्पाचं नाव निघालं म्हटल्यावर कुतुबुद्दीन बैठक मारून बसला. अर्शियानं कणकेचा घट्ट गोळा मळला, झाकून ठेवला, आणि मग पाण्याच्या पातेल्यात धरून धूत बसली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते बदललं, पुन्हा पांढरं. असं होता होता पाणी निवळलं आणि तिच्या मुठीत भुरकट रंगाचा, रबरासारखा एक लहानसा गोळा उरला. केवढी कणीक घेतली होती आणि केवढंसं हे उरलं, असं बापाच्या तोंडावर उमटलेलं तिनं बघितलं.

"हेच गव्हातलं प्रथिन," ती म्हणाली. "शिजवून घेतलं की वजनाला वजन धरून जवळजवळ मटणाइतकं भरतं. चरबी तर नाहीच म्हटलं तरी चालेल."

"म्हणजे मटणच की ह्ये!" कुतुबुद्दीन उठून उभा राहिला.

"बसा अब्बा, मटण नव्हे. प्रथिन म्हणजे साखळी असते, आणि गव्हाच्या साखळीत एक कडी लंगडी आहे. ती कडी हरभऱ्यात, तुरीत भरपूर असते. म्हणून ह्याच्याबरोबर डाळ पोटात गेलीच पाहिजे. मटणातलं लोह आणि बी-बारा ह्याच्यात नाही, त्याला डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या. मीठ बेतानं घालायचं, पाय सुजलेत त्यांचे. आणि एखाद्याला गहूच सोसत नसला तर त्यानं ह्याच्या वाटेलाही जायचं नाही. चाचांना चपाती सोसते ना?"

"चपाती सोसती, हरणावहिनीची बोलणी बी सोसत्यात. त्याला काय हुतंय!"

अर्शियाचं निम्मं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं, पण डाळ, मीठ आणि गोळ्या एवढं त्यानं पक्कं धरलं. बाकीचं चुलीवर बघू, हा त्याचा खाक्या.

पहिल्या खेपेचं प्रकरण चपलेच्या पट्ट्यासारखं झालं. आप्पासोनं एक तुकडा बराच वेळ चघळला आणि विचारलं, "कुतुब, ह्यो गिळायचा का शिवायचा?" दुसऱ्या खेपेला गोळा फुगून पावासारखा झाला. पण कुतुबुद्दीन हट्टाला पेटला होता. हळूहळू त्याला कळलं की खळखळ उकळायचं नाही, मंद आचेवर मसाल्याच्या पाण्यात मुरवायचं. हरभऱ्याची डाळ भाजून, अगदी बारीक वाटून तो रश्श्यातच मिळवायचा आणि ते आप्पासोच्या पोटाला सांगायचा नाही. न सांगितल्यामुळं असेल किंवा बारीक वाटल्यामुळं असेल, पोट काही फुगलं नाही. उंब्रजहून आटपाडीकडं कुणी निघालं की डबा जायचा, आणि हरणाबाईही ते करायला शिकली. चिवट असायचं, पण खाण्याजोगं. वर्ष सरता सरता पायांची सूज उतरली आणि आप्पासो पुन्हा टेकडीपर्यंत मेंढरांमागं जायला लागला. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि गव्हाचा किती, ते डॉक्टरांना माहीत. कुतुबुद्दीन सगळं श्रेय गव्हाला देऊन मोकळा झाला होता.

आता वाडीच्या जत्रेचं. जत्रा दोन दिवसांची. पहिला दिवस गोडा, पुरणपोळीचा, आणि दुसरा खारा, बकऱ्यांचा. खाऱ्या दिवशी सगळ्या वाडीचा रांधा एकत्र असतो आणि तो कित्येक वर्षं कुतुबुद्दीनकडं आहे. वाडीत माळकरी होते दहा-बारा, त्यांची पंगत त्या दिवशी पलीकडच्या लिंबाखाली वेगळी बसायची आणि वरणभात खायची. सगळ्या वाडीला मटणाच्या वासानं भूक फुटलेली, आणि हे बापडे शाळेत बाहेर उभी केलेली पोरं जेवावीत तसे खाली मान घालून जेवायचे. कुतुबुद्दीनला ते कधीच बघवलं नव्हतं. यंदा त्यानं जाहीर केलं, "माळकऱ्यांस्नी बी मटण. पर गव्हाचं."

आणि यंदा त्यानं कमाल केली. धुतलेल्या गोळ्याच्या पट्ट्या काढल्या, त्यांना दोरीसारखा पीळ दिला, पिळावर पीळ चढवून गाठी मारल्या आणि मग शिजवलं. तोडलं की आतून धागे सुटत होते. वर कांदा-खोबरं भाजून केलेलं तेच वाटण, तोच काळा मसाला, तेच दगडफूल. तेलाला मात्र शेंगतेल.

नेमका रमजान चालू होता. कुतुबुद्दीनचा रोजा. स्वयंपाक्यानं जिभेला लावून थुंकलं तर चालतं असं मौलवी सांगतात, पण कुतुबुद्दीनचा स्वतःवर तेवढा भरवसा नव्हता. त्यानं नाकावर काम भागवलं आणि जिभेला हरणाबाईला बसवलं. तिच्या गळ्यात माळ नव्हती, दोन्ही पातेल्यांतलं चाखायची तिला मोकळीक होती. ती सकाळपासून पळीनं तळहातावर घेऊन चाटत होती. "मीठ झ्याक हाय," असा दोन्हीकडचा निकाल तिनं दिला.

हाडाच्या फोडी मोठ्या पंगतीत परातीतून फिरायच्या, रस्सा आणि मऊ तुकडे बादल्यांतून. रश्श्याच्या चार बादल्या होत्या, सारख्याच. त्यातल्या दोन माळकऱ्यांच्या, त्यांच्या काठाला कुतुबुद्दीननं स्वतः ओल्या हळदीचा पट्टा ओढलेला. वाढपी वाडीचीच तरणी मंडळी. पंगती बसल्या. कुतुबुद्दीन चुलवण सोडून पलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला, कारण त्याला एकच ताट बघायचं होतं.

आप्पासोनं पहिला घास घेतला आणि थांबला. मग दुसरा घेतला. मग मान खाली घालून तो असा जेवत सुटला की कुतुबुद्दीनचे डोळे भरून आले. चार वर्षांत हा माणूस असा जेवला नव्हता. वाटी रिकामी झाली. आप्पासोनं वर न बघताच ती पुढं केली, वाढप्यानं भरली, तीही सरत आली. रोज्याचं तोंड कोरडं पडलं होतं तरी कुतुबुद्दीनला न जेवताच ढेकर यायचा बाकी राहिला होता.

एवढ्यात पंगतीच्या मधून सयाजी सुभेदार उठला. पलटणीतून रिटायर झाल्यावर माळ घातलेला, वाडीतला सगळ्यांत कडक माळकरी. हातातला तुकडा त्यानं उंच धरला होता.

"वाढणं बंद! कुतुबभाई, हिकडं या. ह्येला धागा हाय. गव्हाला धागा कुटनं आला?"

"मी घातलाय, सुभेदार. पीळ देऊन."

"आन ह्यो रस्सा? मी बारा मुलखांत जेवलोय. मटणाचा रस्सा मला वळखू येत न्हाई व्हय?"

"हाडूक घावलं का सुभेदार?" कुणीतरी विचारलं.

"हाडूक बादलीत कशाला येतंय? रस्सा आलाय, आन रश्श्यातनं मऊ बोटी आलीया. बादली बदललीया, मी लिवून देतो."

दहा-बारा हात ताटांतून एकदम बाहेर आले. कुतुबुद्दीन छातीठोकपणे बादल्या दाखवायला वळला आणि जागीच थांबला. चारी बादल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. वाढप्यांचे ओले हात काठाकाठांवरून फिरून हळद सगळीकडं लागली होती. एका बादलीला डाग, दुसरीलाही डाग, तिसरीला थोडा. कुठली कुणाची, हे त्यानं वाढप्यांना विचारलं तर एकानं इकडं बोट केलं आणि दुसऱ्यानं तिकडं. रंग एक, वास एक, तवंग एक. कारण ते सगळं एकसारखं व्हावं म्हणूनच तर तो रात्रंदिवस झटला होता.

"हरणावहिनी, तुमी सांगा," त्यानं हाक मारली.

हरणाबाईनं एका बादलीतलं चाटलं, दुसरीतलं चाटलं, पुन्हा पहिलीतलं चाटलं. "भावजी, मी सकाळधरनं ह्येच करतीया. आता मला पाणी बी मटणाचं लागंल."

कुणी हसलं नाही. मुलाण्यानं माळकऱ्यांना वशाट खाऊ घातलं, हे वाक्य वेशीबाहेर पडलं की ते काय काय रूप घेईल हे कुतुबुद्दीनला न कळण्याएवढा तो खुळा नव्हता. हल्ली असली वाक्यं मोटारसायकलवरून फिरतात. त्याला भीती वाटली, खरी भीती, घाम फोडणारी. पण त्याहून मोठी भीती पंगतीच्या टोकाला होती. आप्पासो ताटावरून उठला होता. तोंड पांढरंफटक. माळ मुठीत घट्ट धरलेली. कुतुबुद्दीनकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. बायकोला एवढंच म्हणाला, "बिरदेवाला फोन लाव."

बिरदेव त्या दिवशी माल घेऊन घाटातून यायचा होता. हरणाबाईनं फोन लावला. संपर्क होत नाही असं बाईचा आवाज सांगत राहिला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा तेच. आप्पासो देवळामागं मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेला आणि दगडी बांधाला टेकून खाली बसला.

कुतुबुद्दीनला त्याच्यामागं जायचं होतं, पण काय तोंड घेऊन जाणार? तो उलट्या दिशेला, हात धुवायच्या जागेकडं गेला. तोंडावर पाणी मारलं. टँकरचं पाणी, रात्रभर उघड्यावर राहून गारठलेलं. शेजारी उष्ट्या ताटांचे ढीग होते, मोठ्या पंगतीची ताटं अलीकडं, माळकऱ्यांपैकी दोघा-तिघांनी उठून ठेवलेली पलीकडं. एक बाई दोन्हींवर ते गार पाणी ओतत होती. कुतुबुद्दीन नुसता बघत होता. अलीकडच्या ताटांवर पाणी पडलं की पांढरट, मेणचट थर धरत होता, आणि तिथं बाई करवादून राख मागत होती. पलीकडच्या ताटांवरून पाणी लाल होऊन सरळ वाहून जात होतं.

आयुष्यभर ज्या चरबीनं त्याची पातेली घासणाऱ्यांचे शिव्याशाप खाल्ले, ती आज कामाला आली.

"बर्फ आणा!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की देवळावरची कबुतरं उडाली. "सरबतवाल्याकडनं बर्फ आणा!"

जत्रेत सरबताचा गाडा होताच. लादी आली, परातीत फोडली. कुतुबुद्दीननं मोठ्या पंगतीतल्या एकाच्या ताटातली मटणाच्या रश्श्याची वाटी आणून बर्फावर ठेवली. तिच्याशेजारी सयाजीची वाटी, तळाशी थोडा रस्सा उरलेली आप्पासोची वाटी, आणि आणखी तीन-चार माळकऱ्यांच्या वाट्या. मग तो हात मागं बांधून दूर सरला.

"मी हात लावणार न्हाई. सुभेदार, तुमीच बसा राखणीला. बकऱ्याची चरबी गारठ्याला गोठती. शेंगतेल असं बसल्या बसल्या गोठत न्हाई. तुमच्या वाटीत मटण असंल तर लपणार न्हाई."

सयाजी परातीपुढं मांडी घालून बसला. भोवती सगळी वाडी. वाट्यांतली वाफ गेली. काहीच होईना. कुणीतरी म्हणालं, "सगळंच सारखं दिसतंय की." कुतुबुद्दीनचे ओठ हलत होते, तो मनातल्या मनात अल्लाचं नाव घेत होता. हरणाबाई एका हातानं फोन कानाला लावून उभी होती आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी.

मग पहिल्या वाटीच्या काठाला पांढरी कडा आली. कडा आत सरकली. सयाजीनं वाटी कलती केली, तर वरचा थर हललाच नाही, सायीसारखा घट्ट बसला होता. मग त्यानं स्वतःची वाटी उचलली. लाल तेल पळत एका बाजूला आलं. आप्पासोची कलती केली, तिथंही तेच. एकेक करून त्यानं सगळ्या वाट्या कलत्या केल्या, आणि प्रत्येक वाटीत तेल मोकळं पळत होतं. सगळ्या माळकऱ्यांना त्यांचाच रस्सा गेला होता. वाढपी पोरांनी हळद पुसली होती, पण बादल्या काही चुकवल्या नव्हत्या.

कुतुबुद्दीनचा जीव भांड्यात पडला. तो होता तिथंच जमिनीवर बसला. वाडीनं एकच गलका केला. सयाजी सुभेदार उठला, खांदे सरळ करून त्याच्यापुढं आला.

"कुतुबभाई, माजी जीभ चुकली. चारचौघांत बोललो, चारचौघांत माफी मागतो."

"जीभ न्हाई चुकली सुभेदार," कुतुबुद्दीन घाम पुसत म्हणाला, "माजा हात लय बरोबर पडला, त्याचं ह्ये."

तेवढ्यात हरणाबाईच्या हातातला फोन वाजला. बिरदेवचा. घाट उतरून वडापाव खायला थांबला होता आणि आईचे एवढे फोन बघून घाबरला होता. "काय न्हाई रं बाळा," ती रडत हसत म्हणाली, "तुझ्या बापाचं जेवाण झालं, ते सांगाया लावला हुता."

माळकरी पुन्हा ताटांवर बसले. वाढपी पळाले. हसणं, चेष्टा, पुन्हा वाढ, इकडं आण, असा कालवा सुरू झाला. कुतुबुद्दीन मात्र उठून देवळामागं गेला. आप्पासो अजून बांधाला टेकून बसलेला. कुणीतरी पळत येऊन निकाल सांगून गेलं होतं, बिरदेवचंही कळलं होतं, तरी मान वर नव्हती. कुतुबुद्दीनला वाटलं, झालं, दोस्तीत एकदा संशयाचा खडा पडला तो पडला. आता हा माझ्या हातचं गव्हाचंही खाणार नाही, पुन्हा भाकरी आणि खर्डा, पुन्हा पाय सुजणार. तो शेजारी बसला.

"आप्पा, आई शपत, गहूच हुता रं. बर्फावर ठिवून दावलं सगळ्यांस्नी."

"कळलं मला."

"मग माज्यावर राग का?"

आप्पासोनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. डोळे ओले होते.

"तुज्यावर कशाला राग? कुतुब, ह्ये कुणाला बोलू नगं. पयल्या घासालाच मला वाटलं, ह्ये मटण हाय. मग मन म्हनालं, कुतुबनं केलंय, म्हंजी गहूच. ती वाटी त्या भरवशावर ग्येली. पर दुसरी वाटी फुडं केली तवा माज्या मनात गहू नव्हता. बादली चुकलीया, मटणच आलंय, असं मला पक्कं वाटत हुतं. आन तरी वाटी फुडं केली रं. पोराच्या जिवावर शबूद दिलेला, आन मी वरपून खाल्लं. सयाजी वरडला तवा मला तुजी चूक दिसलीच न्हाई. मला वाटलं, माजंच पाप उघडं पडलं."

एवढा वेळ ज्या पांढऱ्या तोंडात कुतुबुद्दीन स्वतःवरचा आरोप वाचत होता, त्यात त्याचं नावच नव्हतं. त्याला आधी हायसं वाटलं, मग दोस्ताची दया आली, आणि मग त्याला हसू आवरेना.

"हसतोस काय?"

"आप्पा, मी पहाटेपास्नं रोजा धरून मटण ढवळतुया. नाकात वास, पोटात कावळं. मनातल्या मनात मी किती ताटं हाणली आसतील? दुसऱ्या पंगतीला तर मी मनात नळीसुदिक फोडली. मोडला व्हय माजा रोजा?"

आप्पासोच्या छातीत कुठंतरी खालून हसू निघालं, खोकल्यासारखं, आणि ते वाढत वाढत एवढं झालं की वाड्यातली मेंढरं माना वर करून बघायला लागली. हसता हसता तो रडला आणि रडता रडता त्यानं डोक्याच्या पटक्यानं नाक पुसलं.

"पर दुसऱ्या वाटीचं काय करू?" तो शेवटी म्हणाला. "ती मटण म्हनून खाल्लीया."

"पोटात गहूच ग्येलाय तुज्या. देव पोट बघंल का मन बघंल, ते तू अन तो बघा."

आप्पासो दोस्ताच्या खांद्यावर हात टेकून उठला आणि पंगतीकडं चालायला लागला. आपल्या ताटावर जाऊन बसला, दोन्ही हात जोडून देवळाकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज दिला, "वाढा रं! ही वाटी मी गहू म्हनून खानार हाय."